नवं एअर पिस्तूल: पहिल्या हजार पेलेट्सचा हिशेब

नव्या पिस्तुलाची पेटी उघडली की पिस्तुलाशेजारी एका छोट्या पिशवीत दोन-तीन अ‍ॅलन-की, म्हणजे स्क्रू फिरवायच्या षटकोनी किल्ल्या, ठेवलेल्या असतात. खरा धोका त्या पिशवीत आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, त्याच्या चारच दिवस आधी मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ मिळवलं होतं, आणि तेव्हापासून मला पिस्तुलाबद्दल विचारणारे खूप वाढले. प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच: "नवं आणलंय, सेट कसं करायचं?" बहुतेकांनी विचारण्याआधीच दोन-चार स्क्रू फिरवलेले असतात.

माझ्या पहिल्या पिस्तुलाच्या वेळी मीही तेच केलं. पहिल्याच आठवड्यात साईट (नेम धरायची खूण) हलवली, ट्रिगर हलका केला आणि ग्रिप (लाकडी मूठ) घासली. ग्रुप, म्हणजे कार्डावरचा शॉटचा पुंजका, डावीकडे सरकला तेव्हा तो कशामुळे सरकला हे शोधायला काही वावच उरला नव्हता. साईट की ट्रिगर की ग्रिप? पुढचे चार महिने मी एकेक गोष्ट मूळ जागी नेत बसलो. ग्रिप तर मूळ जागी जाणारच नव्हती, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही.

म्हणून आधीच सांगतो. चांगलं मॅच पिस्तूल कारखान्यातून जुळवूनच आलेलं असतं. पेटीत सोबत एक छोटं कार्ड असतं, त्यावर पाच पेलेट्सचं (छर्र्यांचं) मिळून जवळजवळ एकच भोक असतं. ते पिस्तूल शिकंज्यात धरून मारलेलं असतं. म्हणजे बॅरल, हवा आणि ट्रिगर यांचं काम झालेलं आहे. जुळायचं राहिलंय ते तुमच्या हाताशी. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मी पेलेट्समध्ये मोजतो: साधारण हजार, म्हणजे पाचशेचे दोन डबे.

खाली जे लिहितोय ते दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या १० मीटरच्या पिस्तुलाबद्दल आहे. स्प्रिंगचं पिस्तूल असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्यावर पिस्तुलाचा नंबर लिहा. सगळा हिशेब तिच्यात राहील.

घरातली जागा आणि काही न टाळता येणारे नियम

१० मीटरच्या पिस्तुलातून साधारण अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगानं सुटतं. ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या घरात. २०१६च्या शस्त्र नियमांत परवान्याची अट २० ज्यूलच्या वर किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरला लागते, त्यामुळे हे पिस्तूल परवान्याशिवाय घेता येतं. पण बिल जपून ठेवा, त्याची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीत कायम असू द्या. प्रवासात पोलिसांनी विचारलं तर बिल दाखवलं की बोलणं सोपं होतं. साडेपाच ज्यूल म्हणजे खेळणं मात्र नव्हे. डोळा जायला तेवढी ऊर्जा पुरते. गच्चीवरून कबुतरं, साळुंक्या यांच्यावर मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि असं करणाऱ्या माणसाला मी पिस्तूल हातात देत नाही.

पूर्ण १० मीटर बहुतेक फ्लॅटमध्ये मिळत नाहीत. हॉलच्या एका टोकापासून गॅलरीच्या दारापर्यंत सहा-सात मीटर मिळाले तरी ५ मीटरवर सराव करा आणि लक्ष्याचं कार्ड निम्म्या आकारात छापून घ्या. खऱ्या कार्डावर मधल्या काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो, तर निम्म्या कार्डावर तो २९.७५ यायला हवा. छापल्यावर पट्टी लावून मोजा, कारण प्रिंटर पानात बसवण्यासाठी आकार गुपचूप कमी करतो. खऱ्या रेंजवर लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं.

लक्ष्यामागे तिरक्या पत्र्याची लोखंडी पेलेट पेटी हवी. पेटीच्या मागे प्लायवूड, आणि प्लायवूडपुढे सैल टांगलेली जुनी गोधडी. पेटी चुकलेलं पेलेट गोधडीत अडकतं, उलटून येत नाही. तुमच्या आणि लक्ष्याच्या मध्ये उघडणारं एकही दार नसावं. असेल तर त्याला आतून कडी लावा आणि घरात सगळ्यांना सांगून बसा. डोळ्यांवर चष्मा तुमच्याही आणि बघणाऱ्याच्याही.

पिस्तूल हातात घेतलं की पहिली कृती नेहमी एकच: तोंड लक्ष्याकडे, ब्रीच (पेलेट भरायची जागा) उघडा, आत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा. मारत नसाल तेव्हा बॅरलमधून नारिंगी सेफ्टी दोरी आरपार असू द्या, दोन्ही टोकांना दिसेल अशी. सामन्यात ती सक्तीची आहे. घरीच सवय लागली तर तिथे विसरणार नाही.

पेलेट शिशाचं असतं. जेवणाच्या टेबलावर डबा उघडू नका, पेलेट तोंडात धरू नका, सराव संपला की साबणानं हात धुवा. पेलेट पेटीतली भुकटी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा.

हवा

सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरतात आणि त्यात दीडशेच्या वर शॉट सहज निघतात. आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला तेवढीच हवा मोजून देतो, त्यामुळे गेज (दाबमापक) १८०वर असो की १००वर, पेलेटचा वेग बदलत नाही. गेज अगदी खाली आलं की मात्र वेग घसरतो आणि शॉट खाली जायला लागतात. मी ७०-८० बारच्या खाली जाऊ देत नाही.

पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरमधून भरताना वाल्व्ह एकदम उघडू नका. हळू भरा. झपाट्यानं भरलं तर हवा तापते, गेज २०० दाखवतं आणि तासाभरानं थंड झाल्यावर ते १८०वर येतं. हातपंप वापरत असाल तर चाळीस-पन्नास दाब झाले की पाच मिनिटं थांबा. पंपाची नळी हाताला गरम लागली तर दहा मिनिटं. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात पंपातून हवेबरोबर पाणीही आत जातं, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. मी तर जून ते सप्टेंबर हातपंप वापरतच नाही, क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून भरून आणतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, कोणी "तोच गॅस आहे, चालतो" म्हटलं तरी. आणि हवेच्या वाटेवर शिलाई मशीनचं तेल, खोबरेल तेल, ग्रीस असलं काहीही लावायचं नाही. दाबाखाली तेल पेट घेतं. सिलिंडरच्या आट्यांजवळच्या रबरी ओ-रिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा हरभऱ्याच्या डाळीएवढाही नाही, त्याच्या निम्मा ठिपका, तोही बोटानं पसरून. बास.

सिलिंडरवर कोरलेली तारीख वहीत लिहून ठेवा. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन सामन्याला गेलात तर तुम्हाला उभं करणार नाहीत. मे महिन्यात बंद गाडीत सिलिंडर ठेवू नका. ठेवून द्यायचा असेल तर थोडी हवा आत राहू द्या, म्हणजे सील बसलेले राहतात.

पहिले दोनशे: काही न करण्याचे

बॅरलमध्ये गंज येऊ नये म्हणून कारखान्यानं तेलाचा पातळ थर दिलेला असतो. पहिल्या दिवशी ब्रीचच्या बाजूनं कापडाचा किंवा फेल्टचा तुकडा दोरीनं ओढून घ्या, दोन-तीनदा, कोरडा. तुकडा काळपट-पिवळा निघेल, मग स्वच्छ निघेल. ब्रश वापरू नका, सळई पुढच्या तोंडातून घालू नका. बॅरलचं तोंड हा पिस्तुलाचा सगळ्यात नाजूक भाग आहे. तिथे ओरखडा उमटला तर त्यावर घरी उपाय नाही.

यानंतर दोनशे पेलेट्स मारा. बॅरलला शिशाचा पातळ लेप बसतो आणि तेवढ्यात शॉट स्थिर होतात. स्प्रिंगच्या पिस्तुलाला जास्त लागतात, तीनशे-चारशे. सुरुवातीला त्यातून थोडा धूर आणि जळका वास येतो, कारण आतलं जादा ग्रीस जळत असतं. ते आपोआप थांबतं. स्प्रिंगचं पिस्तूल पेलेट न घालता कधी सोडू नका, आत पिस्टन समोरच्या भिंतीवर आदळतो. हवेच्या सिलिंडरच्या मॅच पिस्तुलाला मात्र ड्राय फायरची, म्हणजे पेलेटशिवाय नुसता ट्रिगर सोडायची, वेगळी कळ असते, आणि तिचा उपयोग पुढे भरपूर आहे.

या दोनशेमध्ये गुण मोजू नका. दर पन्नासनंतर ग्रिपचा मुख्य स्क्रू, साईटचे स्क्रू आणि ट्रिगर ब्लेडचा स्क्रू बोटांच्या जोरानं तपासा. अ‍ॅलन-की दोन बोटांत धरून जेवढी फिरते तेवढीच, मुठीचा जोर नाही. घट्ट बसला की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपेंटची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला हे क्षणात कळतं. मी लाल वापरतो.

पेलेट कुठलं? दहा मीटरला सपाट डोक्याचं वॅडकटर, म्हणजे कार्डावर कागद पंचनं कापल्यासारखं गोल भोक पडतं. वजनं ०.४५ ग्रॅमपासून ०.५३ ग्रॅमपर्यंत, डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० असे बारीक फरक. नवा माणूस इथे फार पैसे घालवतो. एका चांगल्या कंपनीचं एकच मॅच पेलेट घ्या आणि हजार संपेपर्यंत बदलू नका. हातानं मारताना तुमचा ग्रुप सुरुवातीला पाच-सहा सेंटिमीटरचा असणार आहे. पेलेटच्या डब्यांतला फरक मिलिमीटरमध्ये असतो, तुमच्या हातात तो दिसणारच नाही.

पिस्तूल ठीक आहे का, हे एकदाच तपासा. तांदूळ भरलेली पिशवी टेबलावर ठेवा, तिच्यावर मनगट टेकवून सावकाश पाच शॉट मारा. पाचही एकमेकांना खेटून, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे आले, तर पिस्तुलाला दोष देण्याचा विषय संपला. हा कागद वहीत चिकटवून ठेवा. वाईट दिवशी तो बघायला लागतो.

ग्रिप: सगळं काम इथेच

आता पहिली अ‍ॅलन-की हातात घ्या. साईटची नव्हे, ग्रिपची. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ग्रिप बदलली की शॉटची जागा बदलते, ट्रिगरवर बोट बसण्याची जागा बदलते. साईट आधी जुळवली तर ती पुन्हा जुळवावीच लागते. साईटला फक्त एवढंच करा की शॉट कार्डावर कुठेतरी पडावेत.

हात बसवायची पद्धत अशी. डाव्या हातानं बॅरलच्या बाजूनं पिस्तूल धरा आणि उजव्या हाताची अंगठा-तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागच्या वळणात जितकी वर जाईल तितकी घट्ट ढकला. मग बोटं गुंडाळा. पिस्तुलाचं वजन मधल्या बोटावर, ट्रिगर गार्डच्या खाली. अनामिका मदतीला. करंगळी फक्त टेकलेली. अंगठा दाबायचा नाही. तर्जनी लाकडाला कुठेही लागता कामा नये. तिच्या आणि लाकडाच्या मध्ये कागदाची घडी सरकली पाहिजे. लागत असेल तर ट्रिगर ओढताना अख्खी ग्रिप ढकलली जाते आणि शॉट बाजूला जातो.

खालची पाम शेल्फ, तळव्याखालची फळी, वरखाली सरकते. ती हाताला अलगद पकडेल इतपत वर घ्या, हात आत घालताना थोडंसं घोळवावं लागेल इतकी. चिमटा बसला, बोटं पांढरी पडली किंवा पाच मिनिटांत करंगळी बधिर झाली तर अर्धा मिलिमीटर खाली. फळीची कड वर वळवून हाताला मिठी मारायला लावणं आणि ग्रिप मनगटापर्यंत वाढवणं, दोन्ही नियमात बसत नाही.

आता मुख्य परीक्षा. ट्रिगरला बोट लावू नका. लक्ष्यासमोर नेहमीसारखे उभे राहा, हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, पिस्तूल आपोआप स्थिरावू द्या, डोळे उघडा. फ्रंट साईट मागच्या खाचेच्या मध्यात, वरची कड समपातळीत दिसली पाहिजे. दहा वेळा करा आणि वहीत दहा फुल्या मारा: मध्ये, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. दहापैकी सात-आठ वेळा फ्रंट साईट डावीकडेच दिसत असेल तर मनगट मुरडून ती मध्ये आणायची सवय लावून घेऊ नका, ग्रिप बदला. ग्रिपचा कोन थोडा फिरवता येतो, तो आधी बघा. फ्रंट साईट खाली बुडत असेल तर ग्रिपचा पुढचा-मागचा कल बदला. एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा दहा फुल्या.

सगळं सरकवूनही हात आणि लाकूड यांच्यात पोकळी राहतेच. तळवा खडूच्या पुडीनं माखा, ग्रिप धरा, सोडा. लाकडावर पांढरं उमटलं तिथे हात टेकतोय, कोरडं राहिलं तिथे पोकळी आहे. बहुतेकांची पोकळी तळव्याच्या मधोमध निघते. तिथे मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवा आणि आठवडाभर तशीच मारा. क्ले हाताच्या उबेनं मऊ होते, आपोआप तुमच्या तळव्याचा साचा घेते, आणि चुकली तर नखानं निघते. आठवड्यानंतर तो आकार आवडला तरच तेवढ्याच जागी एम-सील लावा. ओल्या एम-सीलवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक पिशवी पसरा, ग्रिप पकडा, वीस मिनिटं शांत बसा. रात्रभर वाळू द्या, सकाळी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा मोडा, मग २२०नं.

लाकूड काढायचं असेल तर कानस फार विचार करून उचला. आधी जोडा, मग काढा. शिवाय हात वर्षभर एकसारखा नसतो. मे महिन्यात दुपारी तो सुजल्यासारखा भरतो, डिसेंबरच्या सकाळी आक्रसतो. मी माझी ग्रिप भर उन्हाळ्यात घासली होती, आणि डिसेंबरमध्ये ती हातात खुळखुळायला लागली. तेव्हापासून सकाळी, थंड हातानं आणि पाम शेल्फ दोन मिलिमीटर ढिली ठेवून बघितल्याशिवाय मी कुणाच्या ग्रिपला पेपर लावू देत नाही.

ग्रिपसाठी चारशे पेलेट्स गेले तर ते चांगले गेले असं समजा. यातला निम्मा वेळ तर पेलेटशिवायच जातो. कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा: लक्ष्य नाही, फक्त साईट बघायची आणि ट्रिगर सोडायचा. सुटल्याच्या क्षणी फ्रंट साईट कुठल्या बाजूला उडी मारते ते तिथे स्वच्छ दिसतं.

ट्रिगर

नियम सरळ आहे: १० मीटर एअर पिस्तूलला ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. याहून हलका चालत नाही. जड कितीही चालतो. कारखान्यातून साधारण याच्या जरा वर लावून येतो, आणि माझ्या मते पहिले सहा महिने वजनाचा स्क्रू शोधायचीही गरज नाही.

हात लावायचा तर आधी ब्लेडच्या जागेला लावा. ट्रिगर ब्लेड पुढे-मागे सरकतं. तर्जनीच्या पहिल्या पेराच्या गादीचा मध्य ब्लेडवर यावा आणि बोट सरळ मागे जावं. उजव्या हातानं मारणाऱ्याचं बोट जास्त आत गेलं तर शॉट उजवीकडे ओढले जातात, फक्त टोक लागलं तर डावीकडे ढकलले जातात.

ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला लांब आणि मऊ, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्यापुढे थोडा जोर लावला की शॉट. नव्या माणसाला भिंत स्पष्ट लागली पाहिजे. एकूण ५१० ते ५२० ग्रॅममध्ये पहिला टप्पा साडेतीनशे-चारशेचा आणि उरलेला दुसऱ्याचा, ही विभागणी मला नवोदितांसाठी बरी वाटते. दुसरा टप्पा अगदी पुसट केला तर मनात यायच्या आधीच शॉट सुटतो, आणि मग बोटाला ट्रिगरची भीती बसते. ती भीती काढायला एक हंगाम जातो. शॉट सुटल्यावर ब्लेडला थांबवणारा स्टॉप केसभर जागा सोडून ठेवा. पूर्ण खेटवला तर एखाद्या दिवशी धुळीनं पिस्तूल सुटायचंच नाही.

वजन घरी तपासता येतं. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन घ्या, त्याला सायकलच्या तारेचा आकडा करून बांधा आणि दोन्ही मिळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. माझं ५११ ग्रॅम भरतं. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा. कॉक करा, बॅरल सरळ छताकडे, आकडा ब्लेडच्या मध्यावर अडकवा आणि जमिनीवरचं वजन सावकाश उचला. वजन पूर्ण हवेत आलं आणि ट्रिगर सुटला नाही तर ठीक. घाईनं, झटका देऊन उचललं तर बरोबर ट्रिगरही सुटतो, म्हणून अगदी हळू.

आमच्यातला एक मुलगा जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजवर बसून ट्रिगर "जरासा" हलका करत होता. सकाळी सुंदर मारलं. सामना संपल्यावर तपासणीत तीन प्रयत्नांत एकदाही वजन उचललं गेलं नाही, आणि साठही शॉट बाद झाले. पाव फेरा फिरवला होता त्यानं.

साईट, सगळ्यात शेवटी

साईटचं गणित एकदा समजलं की आयुष्यभर पुरतं. समजा फ्रंट आणि रिअर साईटमधलं अंतर ३४० मिलिमीटर आहे. फ्रंट साईट खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली तर १० मीटरवर शॉट साधारण २९ मिलिमीटर सरकतो. रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे, म्हणजे दहाचा सात झाला. उलट, साईट नीट जुळलेली असताना अख्खा हात एक मिलिमीटर हलला तर शॉटही जेमतेम एकच मिलिमीटर हलतो. म्हणून हात थरथरतो याची काळजी सोडा. नजर फ्रंट साईटवर ठेवा, ती धारदार दिसू द्या, काळं धूसर दिसलं तरी चालतं. धूसरच दिसायला हवं.

याच कारणानं काळ्याच्या मधोमध नेम धरायचा नाही. काळ्यावर काळी साईट हरवते. नेम खालच्या पांढऱ्यात धरा. कार्ड १७० मिलिमीटरचं, काळ्याखाली सुमारे ५५ मिलिमीटर पांढरं उरतं. त्याच्या मध्यावर नेम आणि शॉट दहात, अशी साईट लावायची. फ्रंट साईट साडेचार मिलिमीटर रुंदीची घेतली तर ती काळ्यापेक्षा थोडी अरुंद दिसते, आणि रिअरची खाच दोन्ही बाजूंना स्वच्छ उजेड दिसेल इतकी उघडा. नवे लोक "अचूक हवं" म्हणून खाच फार बारीक करतात. उजेड कमी झाला की डोळा ताणतो आणि विसाव्या शॉटपर्यंत थकतो.

आता मारा, पण एकेका शॉटवरून स्क्रू फिरवू नका. दहा शॉट, कार्ड उतरवा, ग्रुपचा मध्य पेन्सिलनं काढा. आणखी दहा, पुन्हा मध्य. दोन्ही मध्य एकाच बाजूला असतील तरच साईट हलवा. शॉट जिकडे न्यायचे तिकडे रिअर साईट सरकते. डावीकडे जात असतील तर रिअर उजवीकडे. खाली जात असतील तर रिअर वर. स्क्रूवरची अक्षरं फसवतात. जर्मन-ऑस्ट्रियन पिस्तुलांपैकी काहींवर एच म्हणजे "शॉट वर जात असेल तर इकडे फिरवा", वर नेण्यासाठी नव्हे. म्हणून पहिल्यांदा एका दिशेला पाच क्लिक फिरवा, पाच शॉट मारा, ग्रुप कुठे आणि किती सरकला ते बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. त्या दिवसानंतर अक्षरांकडे बघायची गरज नाही.

प्रकाश बदलला की शॉट बदलतो, हेही लिहून ठेवा. बालेवाडीच्या रेंजवर आणि तुमच्या हॉलमधल्या ट्यूबलाईटखाली तीच साईट वेगळं मारू शकते. सामन्यात सुरुवातीची १५ मिनिटं तयारी आणि सायटर शॉटसाठी (साईट जुळवायचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) असतात ती याचसाठी. मग ७५ मिनिटांत ६० शॉट.

हजारनंतर

आता बॅरलमधून पुन्हा एकदा कोरडं फेल्ट ओढा आणि पुढेही साधारण दर पाचशे-हजारला. नेलपेंटच्या रेघा बघा. साईटचे क्लिक पूर्ण एका टोकाला नेऊन तिथून मोजा आणि आकडा वहीत लिहा. पाम शेल्फच्या जागेवर पेन्सिलची रेघ ओढा. ट्रिगर ब्लेडचं अंतर पट्टीनं मोजून लिहा. हे सगळं एका पानावर यावं, आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये असावा. कोणी कौतुकानं हातात घेऊन काहीतरी फिरवलं, विमानप्रवासात सिलिंडर-ग्रिप सुटं करावं लागलं, तरी दहा मिनिटांत तुमचं पिस्तूल तुम्हाला परत मिळतं.

पिस्तूल कुणाचंही बिघडू शकतं. २०२१ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती अंतिम फेरीपासून दोन गुण लांब राहिली. घरच्या सरावात बिघाड झाला तर मात्र स्वतः आतलं उघडू नका. रेग्युलेटर, वाल्व्ह, ट्रिगरची आतली पेटी आणि दाबाखाली असलेलं काहीही क्लबच्या जाणत्या माणसाकडे किंवा अधिकृत दुरुस्तीवाल्याकडेच. सिलिंडर काढून ठेवा, पिस्तूल मोकळं करा, मग घेऊन जा.

पहिल्या स्पर्धेच्या आठवड्यात काहीही बदलू नका. आदल्या संध्याकाळी पेटीत पाच गोष्टी बघा: सेफ्टी दोरी, भरलेला सिलिंडर, तोच पेलेटचा डबा, बिलाची प्रत आणि वहीतलं ते पान. अ‍ॅलन-कीची पिशवी मी मुलांकडून काढून घेतो आणि माझ्या खिशात ठेवतो. तपासणीच्या टेबलावर गरज लागली तर देतो.